चिनी काढा आणि वरून तूप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर तुमच्या हातात चहाचा कप असेल आणि तो माझ्या सोफ्यावर सांडेल. बायकोने कालच कव्हरं धुतलीत. आणि हो, ही फजिती मी फक्त तुम्हालाच सांगतोय. बाकी सगळ्या बहारीनला ती दत्तारामने आधीच सांगून टाकली आहे.

तर झालं काय, की मी एक नियम केला.

मीना सलमान बंदरात आमचं जहाजदुरुस्तीचं वर्कशॉप आहे. तिथे क्रेनला एक लोखंडी पिंजरा टांगतात. आम्ही त्याला बास्केट म्हणतो. त्यात एक माणूस उभा राहतो, क्रेनवाला त्याला वर उचलतो आणि तो माणूस जहाजाच्या अंगावरचं वेल्डिंग तपासतो. तो माणूस म्हणजे मी. चौदा वर्षं मीच!

खरं सांगतो, मला वर आवडतं. खाली असलो की मॅनेजर हाक मारतो, स्टोअरमधून हाक येते, घरून फोन येतो. वर गेलं की समुद्र, वारा आणि मी. शिवाय खाली सगळी माणसं मान वर करून माझ्याकडे बघत असतात. आमच्या गुहागरात माझ्याकडे असं कधी कुणी बघितलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर नवा मॅनेजर आला. पहिल्याच सकाळच्या मीटिंगला त्याने विचारलं, "सेफ्टीसाठी एनी सजेशन?" सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. शहाणी माणसं! मी मात्र हात वर केला. का केला? अहो, नव्या साहेबासमोर पहिला हात आपला असावा, ही खोड. शाळेपासूनची.

"सर, बास्केटमध्ये शंभर किलोच्या वरचा माणूस नको," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांसमोर पेंटिंगवाल्यांचा एक गलेलठ्ठ फोरमन होता, जो अधूनमधून माझ्या बास्केटवर हक्क सांगायचा.

"एक्सलंट!" मॅनेजर म्हणाला. "लेट अस स्टार्ट विथ यू."

मी छाती पुढे काढून काट्यावर चढलो. माझं वजन ब्याण्णव, हे मला पक्कं माहीत होतं. होतंच ते ब्याण्णव. मुलगी दुसरीत असताना. आता ती अकरावीत आहे, ही गोष्ट मी विसरलो होतो, काटा विसरला नव्हता.

एकशे चार.

दत्ताराम माझ्या मागेच उभा होता. हा दत्ताराम म्हणजे माझा मदतनीस, संगमेश्वरकडचा. त्याच्या व्हिसासाठी मीच शब्द टाकला होता. मी वरून ओरडायचं, त्याने खाली लिहून घ्यायचं, अशी आमची जोडी. तो काट्यावर चढला. एकशे एक.

मॅनेजर म्हणाला, "दोन महिने देतो. जो शंभरच्या खाली येईल तो वर जाईल. दोघं आलात तर सीनियर जाईल. दुसरा खाली रजिस्टर लिहील."

म्हणजे आलं का लक्षात? मी नाही उतरलो आणि दत्ताराम उतरला, तर दत्ताराम वरून ओरडणार आणि मी खाली लिहून घेणार!

आता वजन कमी करायचं म्हणजे साधी गोष्ट. कमी खायचं. पण साध्या गोष्टीला आपल्याकडे किंमत आहे का? मी गेलो स्टोअरमध्ये, इक्बालभाईंकडे. इक्बालभाई आमचे स्टोअर क्लार्क, श्रीवर्धनचे. जगातला प्रत्येक व्हिडिओ आधी त्यांच्या फोनवर येतो आणि मग बाकीच्यांकडे जातो.

"भाऊ, तुमी चिनी काढा घ्या," ते म्हणाले. "हजारो वर्षांचं औषध. झाडपाला. साइड इफेक्ट मफी!" मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'.

"खरंच गुण येतो?"

"एक सांगा, जाडा चिनी माणूस बघितलात काय कधी?"

मी विचार केला. आठवेना. माझ्यासारख्या इन्स्पेक्शनवाल्याला एवढा पुरावा पुरला. एखाद्या वेल्डिंगच्या जोडावर मी तीन तीन वेळा टॉर्च मारतो, पण पोटात काय घालायचं त्याला टॉर्च कशाला?

त्याच शुक्रवारी मी दत्तारामला घेऊन चिनी बाजारात गेलो. त्याला का नेलं? मन मोठं म्हणून! आणि खरं कारण म्हणजे सामान उचलायला. एका कोपऱ्यात औषधांचं दुकान होतं. भिंतभर छोटे छोटे ड्रॉवर, काउंटरवर एक काटकुळी चिनी बाई. तिच्यामागे तिचा नवरा खुर्चीत बसून नूडल्स खात होता. खुर्ची त्याच्याखाली दिसत नव्हती. तो अपवाद असणार, असं मी मनाशी ठरवलं.

बाईला आखातातली खिचडी भाषा फर्मास येत होती. तिने माझ्या पोटाकडे बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आधीच ड्रॉवर उघडले. कसली साल, कसल्या काळ्या मुळ्या, सुकलेली बोरं, संत्र्याच्या साली, आणि एक वस्तू अशी होती की तिला पाय होते की देठ, हे मी मुद्दाम बघितलं नाही.

"पानी में पकाओ," बाई म्हणाली. "सुबह पीओ, शाम पीओ. रात को खाना मफी. चावल मफी, मीठा मफी, घी मफी. दो महीना. इंशाल्ला, खलास!"

बघा, सगळं स्वच्छ सांगितलं होतं. मला कळलंही होतं. पण औषधवाल्याने सांगितलेलं पथ्य जसंच्या तसं पाळायला आपण काय परके आहोत? पथ्य घरी ठरतं.

पहिल्या दिवशी बायकोने, म्हणजे सुलभाने, काढा उकळायला ठेवला. दहा मिनिटांत बिल्डिंगचा वॉचमन वर आला. गॅस लीक झालाय का, म्हणून. मी नाक धरून पेला रिकामा केला. रंग डांबरासारखा, चव मात्र डांबरापेक्षा वाईट.

दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडात एक फोड आला. आता आदल्या रात्री मी कढत चहा घाईघाईत प्यालो होतो, हे मला आठवत होतं. पण सुलभाने फोड बघितला आणि तिचा चेहरा पडला.

"अहो, उष्ण पडलं!"

झालं! एकदा का मराठी घरात 'उष्ण पडलं' हे शब्द उच्चारले गेले, की डॉक्टर, चीन आणि विज्ञान तिघांनीही बाजूला व्हायचं. लगेच गुहागरला व्हिडिओ कॉल लागला. आईने फोन इतका जवळ धरला होता की मला फक्त तिचं कपाळ दिसत होतं.

"रंग कसला रे काढ्याचा?" कपाळाने विचारलं.

"काळा."

"मग उष्णच तो! त्यात तिथे तुमचं वाळवंट. अरे मेल्या, आतडी जळतील. प्रत्येक पेल्यावर चमचाभर तूप घे."

"आई, ती बाई तूप नको म्हणालीय."

"तिला काय कळतंय? तिने वाढवलंय काय तुला?"

तूप सुरू झालं. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा. चमचा कुठला, हे आईने सांगितलं नव्हतं. सुलभाने वाढायचा घेतला.

चार दिवसांनी इक्बालभाईंनी चौकशी केली. मी फोडाची हकिगत सांगितली. ते गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी डबा हजर.

"माझी बायको बोलते, तुपाने भागायचं नाय. नारळाचा रस पाहिजे. गूळ घालून. एकदम थंड."

रस खरोखरच थंड होता. अमृत होतं हो! पण नुसता रस बाधतो, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून सोबत घावणे. घावणे चारच खायचे, असं मी ठरवलं होतं. पण रस उरायचा. मग रसाला पुरे पडतील इतके घावणे लागायचे, आणि घावणे झाले की पुन्हा रस कमी पडायचा.

त्यात उन्हाळा. दुपारी बारा ते चार उघड्यावरचं काम बंद. एरवी मी वर्कशॉपच्या कँटीनमध्ये काहीतरी खाऊन पंख्याखाली बसायचो. आता औषध चालू होतं ना! घरी यायचं, काढा, त्यावर तूप, त्यावर रस, त्यावर घावणे, आणि मग औषध अंगी लागावं म्हणून दोन तास आडवं व्हायचं. संध्याकाळी काढा, तूप, आणि गुलकंद घातलेलं दूध. रात्रीचं जेवण? रिकाम्या पोटी काढा भाजतो म्हणून तेही ठेवलं. पण हलकं. साधा वरणभात. वरून तूप.

आमची रिया डायनिंग टेबलावर अभ्यास करत होती. तिने एकदा मान वर करून माझ्या पुढ्यातलं सगळं बघितलं.

"बाबा, दॅट्स बेसिकली फोर डेझर्ट्स अ डे."

"हे औषध आहे," मी म्हणालो.

"द मेडिसिन इज द स्मॉलेस्ट थिंग ऑन द टेबल," ती म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात शिरली. इंग्लिश शाळेत घातलं की मुलांना आयुर्वेद कळत नाही, असं मी सुलभाला म्हणालो. काढा चिनी होता, हे तेवढ्यापुरतं विसरलो.

पुढे ऐका. इतकं थंड खाल्ल्यावर काय होणार? सर्दी झाली! शिंका थांबेनात. पुन्हा कॉल, पुन्हा कपाळ.

"थंडावा जास्त झाला. आता थोडं उष्ण घे. सुंठीचे लाडू कर म्हणावं तिला. डिंक घालून."

म्हणजे काढ्याच्या उष्णावर तूप-रसाचं थंड, आणि त्या थंडावर सुंठ-डिंकाचं उष्ण. माझं शरीर म्हणजे एसी झालं होतं आणि रिमोट गुहागरला!

तुम्ही विचाराल, अरे बाबा, मधे एकदा तरी वजन केलंस का? नाही केलं. औषध चालू असताना सारखं मोजू नये, असं सुलभाचं म्हणणं. आणि मनातलं सांगू का? भीतीच वाटत होती. घरातला काटा बेडखाली होता. मी त्या बाजूने उतरायचंच सोडून दिलं.

पँट कमरेत घट्ट व्हायला लागली, तेव्हा मात्र मी दचकलो. इक्बालभाईंना विचारलं.

"चांगलं लक्षण!" ते म्हणाले. "चरबी आधी सुटते. सुटली की फुगते. मग जाते."

"कधी जाते?"

"जाते. एकदम जाते."

मला पटलं. पटवून घ्यायचं ठरवलं की काय पटत नाही? इतकं पटलं की मी प्रचारच सुरू केला. महाराष्ट्र मंडळाच्या एका वाढदिवसाला मी पाऊण तास चिनी काढ्यावर बोललो. एका हातात श्रीखंडाची वाटी होती. काढा आणि पथ्य यांचा समतोल कसा साधायचा, हे मी बोटांवर मोजून समजावत होतो. दोन बायकांनी ते फोनमध्ये लिहूनही घेतलं. देव त्यांचं भलं करो.

आणि दत्ताराम? दत्ताराम कंपनीच्या कॅम्पात राहणारा. तिथे त्याला तूप कोण देणार, रस कोण काढणार? महिन्याभरात त्याचे गाल बसले. युनिफॉर्म ढगळ झाला. मला मनापासून वाईट वाटलं हो.

"बघ," मी सुलभाला म्हणालो, "तूप नसलं की काय होतं. उष्ण पडून वाळत चाललाय बिचारा."

सुलभाचे डोळे भरून आले. तिने डबाभर डिंकाचे लाडू दिले. मी ते त्याच्या हातात ठेवले आणि पाठीवर थाप मारली. "काळजी घे रे. नोकरीपेक्षा तब्येत मोठी."

"व्हय साहेब," तो म्हणाला. लाडू त्याने खोलीतल्या सातजणांना वाटले, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी तो दिवस उजाडला. वजन घ्यायला कंपनीच्या क्लिनिकमधल्या सिस्टर आल्या होत्या. मॅनेजर, इक्बालभाई, क्रेनवाला, पेंटिंगचा फोरमन, सगळे जमले. मला तशी धाकधूक होती. पण आदल्याच रात्री आईने सांगितलं होतं की तुझा चेहरा उतरल्यासारखा वाटतोय. तिला स्क्रीनवर माझा चेहरा दिसतो की कपाळ, हे मी विचारलं नाही.

बूट काढले. बेल्ट काढला. खिशातला फोन काढला. अंगठी काढायला गेलो, ती निघेना. तेव्हाच खरं तर समजायला हवं होतं.

काट्यावर चढलो. आकडा फिरला, थांबला. सिस्टरनी मला उतरायला लावलं. काटा हलवून सारखा केला. पुन्हा चढवलं.

एकशे दहा.

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. इक्बालभाई हळूच म्हणाले, "एकदम जाणार होती..." आणि स्टोअरला कुलूप लावायचं राहिलंय असं सांगून तेच एकदम गेले.

मग दत्ताराम चढला. त्र्याण्णव.

टाळ्या! फोरमनने शिट्टी वाजवली. आणि दत्ताराम, लाजत लाजत, सगळ्यांसमोर म्हणाला, "हे साहेबांमुळं झालं. त्यांनीच मला त्या दुकानात नेलं."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? निदान काढ्याचं श्रेय तरी पदरात पडलं, असं वाटून मी म्हणालो, "मग, काढा आहेच तसा गुणकारी!"

"नाय साहेब," दत्ताराम म्हणाला, "काढा मी आठ दिवसांत बंद केला. पोटात मुरडा यायचा. बाई बोलली होती ना, रातचं जेवन मफी, भात मफी, ग्वाड मफी. तेवढंच धरून ऱ्हायलो."

सिस्टर केरळच्या. मराठी त्यांना कळत नाही, पण काढा हा शब्द सगळ्या हिंदुस्थानाला कळतो. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आपल्या मल्याळी हिंदीत विचारलं, काय काय घेत होतात? मी सगळं सांगितलं. त्या लिहून घेत होत्या. नारळाच्या रसापर्यंत पेन चाललं, लाडवांपाशी थांबलं. अनोळखी मुळ्या डॉक्टरला न विचारता पोटात घातल्याबद्दल त्यांनी मला चांगलंच झापलं, सलमानिया हॉस्पिटलला जाऊन रक्त तपासून घ्यायला लावलं. रिपोर्ट बरे आले. फक्त कोलेस्टेरॉलचा आकडा बघून तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात काही लग्न वगैरे होतं का?

त्या संध्याकाळी मी तणतणत चिनी बाजारात गेलो. बाईला म्हणालो, तुझं औषध फेल! तिने शांतपणे विचारलं, "साथ में क्या खाया?" मी एकेक सांगत गेलो. तिने नवऱ्याला हाक मारली आणि चिनी भाषेत त्याला सगळं ऐकवलं. तो नूडल्स बाजूला ठेवून उठला, काउंटरवरून वाकला आणि दोन्ही हातांनी माझा हात हातात घेऊन इतक्या प्रेमाने हलवला, की मला ओरडायचंच सुचेना.

पुढच्या सोमवारी दत्ताराम सेफ्टी बेल्ट लावून तयार. मी खाली, हातात रजिस्टर. दुखत होतं हो, खोटं कशाला बोलू? चौदा वर्षांची सवय. क्रेनकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात खोळंबा झाला. माणूस चढण्याआधी बास्केटमध्ये वजन ठेवून फूटभर उचलून बघतात. शंभराची मर्यादा, म्हणून दहा जास्त. पण टेस्टची लोखंडी वजनं दुसऱ्या जहाजावर गेलेली. क्रेनवाला तापला. "यल्ला, यल्ला! एक सौ दस किलो का कुछ है क्या इधर?"

दत्ताराम माझ्याकडे बघेना. आधी आकाशाकडे बघितलं, मग जहाजाकडे, मग स्वतःच्या बुटांकडे.

"साहेब," तो म्हणाला, "राग नका मानू..."

सगळे थांबले होते. मॅनेजर घड्याळ बघत होता. मी रजिस्टर काखेत धरलं आणि बास्केटमध्ये जाऊन उभा राहिलो.

क्रेन कुरकुरली. मी वर गेलो. एक फूट. दोन मिनिटं तसाच लटकत होतो. समुद्र काही दिसला नाही, समोर स्टोअरची भिंत होती आणि खिडकीत इक्बालभाई फोनवर व्हिडिओ काढत होते. मग त्यांनी मला खाली ठेवलं, दत्ताराम चढला आणि वर, वर, वर निघून गेला.

मी पेन काढलं आणि रजिस्टर भरलं. टेस्टसाठी वापरलेलं वजन : एकशे दहा किलो. वजनाची स्थिती : भक्कम. खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा होती, तिथली सहीही मीच केली.